सारजाबाईची वाट

वळणी गावात पाहुणा आला की आधी गोंधळतो. गाव सुरू कुठून होतं, हेच कळत नाही. मधे तलाव, भोवती एकेरी घरांची रांग, जेमतेम चौदाशे माणसं. मागच्या जनगणनेचे मास्तर दोन फेऱ्या झाल्यावर माझ्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तुळशीरामजी, पहिलं घर कोणतं?" मलाही सांगता आलं नाही.

पूर्वी सगळी वस्ती उत्तरेच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, होती म्हणे. पलीकडे नुसतं जंगल. त्या वस्तीत सारजा नावाची ढिवराची, मासे धरणाऱ्यांच्या घरची म्हातारी राही. एका तापातून ती उठली, पण आठवण गेली. दर सकाळी ती घराबाहेर पडायची, पाणी उजव्या हाताला ठेवून चालत राहायची आणि भेटेल त्याला विचारायची, "माहं घर कोनतं?" घर दाखवलं तरी तिला पटेना. दोनदा ती जंगलात सापडली, एकदा कमरेइतक्या चिखलात.

पाटील म्हणाले, "बांधून ठेवा, नाहीतर वाघ नेईल." सून भागरथानं दावं घेतलं आणि सासूला खांबाला बांधलं. संध्याकाळी सोडलं तर मनगटं सोललेली. म्हातारी तिलाच विचारत होती, "बाई, मी काय चोरलं वो?"

दुसऱ्या दिवशी भागरथा तिच्या मागोमाग चालली. घरं दिसत होती तोवर म्हातारी शांत होती. दक्षिणेच्या काठावर घर दिसेना, तशी ती घाबरली आणि झाडीत शिरली. भागरथानं तिला हाताला धरून परत आणलं. मग नवऱ्याशी भांडून तिथंच झोपडी घातली, चूल पेटवली.

झोपडी उभी राहिली त्या दुपारी म्हातारी दाराशी आली. "माहं घर हेच का?"

भागरथा चुलीपुढून उठली. खोटं बोलायचं, तेही सासूशी? शेवटी म्हणाली, "होय माय, हेच."

म्हातारी आत आली, पोटभर जेवली, झोपली. सकाळी उठून पुन्हा घर शोधायला निघाली.

मग म्हातारीला पुढेही घर दिसत राहावं म्हणून पुढच्या वळणावर भागरथाच्या जावेनं झोपडी घातली. त्यापुढे आणखी कुणी. वर्षभरात सात झाल्या म्हणतात, कुणी अकरा सांगतात. पाटलांनीही एक बांधली म्हणे. त्यांचे वंशज तेवढं ठासून सांगतात. म्हातारी शेवटी कुठल्या घरात वारली, ते मात्र नक्की नाही. ज्याला विचाराल तो म्हणेल, आमच्याच.

आजही वळणीत नवी सून दाराशी आली की उंबऱ्याबाहेर थांबते. माहेर सुटलेलं, समोर सगळे अनोळखी चेहरे. ती खालमानेनं विचारते, "माहं घर हेच का?"

आणि सासूनं पुढे होऊन, तिचा हात धरून म्हणायचं असतं, "होय माय, हेच."