रांगोळीवाली भिवरा आणि जड झालेली पालखी

फार वर्षांपूर्वी, आंबेखडकाच्या वेशीला अजून दार होतं, तेव्हाची गोष्ट. भिवरा नावाची बाई डोक्यावर पाटी घेऊन गावात रांगोळी विकायला यायची. पांढरे दगड तीच फोडायची, तीच कुटायची. तिला लिहिता-वाचता येत होतं. देवीनं स्वप्नात शिकवलं, असं म्हणतात. मला नाही पटत. बाई शिकली की श्रेय देवाला द्यायचं, ही आपली जुनी खोड.

भिवरा रांगोळीच्या मापासोबत एक अक्षर द्यायची. "आज ठिपके ऱ्हाऊ द्या, ह्यो 'ग' काढा दारात."

बायका हसायच्या. "अगं, केस पिकले की आमचे!"

"केस पिकले, बोटं न्हाई पिकली."

मग सकाळी सडा पडला की दारोदारी अक्षर उमटायचं. पाण्याला जाता-येता बायका एकमेकींची दारं वाचायच्या.

पाटलाच्या कानावर हे गेलं आणि त्याचं पित्त खवळलं. त्यानं दवंडी पिटवली: भिवराला गावबंदी, आणि ज्या दारात अक्षर दिसेल तिथं जानाईची पालखी थांबणार नाही. धमकी साधी नव्हती. देवी वर्षातून एकदाच दारात यायची, आणि तिची ओटी भरल्याशिवाय घरात लग्नकार्य निघत नसे. बायकांनी दारात पुन्हा ठिपके मांडले. पाटलाला वाटलं, जिरली.

पालखीच्या सकाळी बघतात तर एकाही दारात कमळ नाही की गोपद्म नाही. प्रत्येक दारात त्या घरच्या बाईचं नाव, आणि तेही माहेरचं! त्या काळी लग्नात नवरीचं नाव बदलत, मग जुन्या नावानं सासरी कुणी हाक मारत नसे.

"थांबू नका, चला पुढं!" पाटील गरजला. पण पहिल्याच दाराशी पालखी जड झाली. आणखी भोई लागले, खांदे सोलवटले, तरी ती जागची हलेना.

"पुसा ते!"

देवीपुढची रांगोळी पुसायला एकही हात पुढं आला नाही.

तेव्हा त्या घरची म्हातारी पार्वतीबाई उंबऱ्याबाहेर आली. वाकून एकेका अक्षरावर बोट धरत मोठ्यानं वाचलं, "ठ... कू. ठकू! माझं नाव हाय ह्ये. आई गेल्यापास्नं कुणी घेतलं न्हवतं."

आणि पालखी अलगद उचलली गेली.

पुढच्या दाराशी पुन्हा जड. तिथल्या बाईनं नाव वाचलं, पुन्हा हलकी. असं करत पालखी पाटलाच्या दारी आली. तिथंही नाव होतं, आणि पाटलीण पदर खोचून उभी होती.

"तू बी?" पाटील म्हणाला.

"म्या बी. चंद्री." तिनं वाचलं.

पाटलानं मान खाली घातली, असं म्हणतात. घातली नसेल. पण तो वाटेतून बाजूला झाला, तेवढं पुरे.

भिवरा वेशीबाहेरच उभी होती. गावात तिला दार कुठलं? मग बायकांनी वेशीतच तिचं नाव रेखलं आणि तिला हाताला धरून आत आणलं.

आजही आंबेखडकात पालखी आधी वेशीत थांबते. बायका रांगोळीनं 'भिवरा' लिहितात. त्या वर्षी नव्यानं वाचायला शिकलेलं वयानं मोठं माणूस, बाई असो वा बाप्या, ते मोठ्यानं वाचतं. मगच भोई खांदा देतात.

एका वर्षी असं कुणीच सापडलं नाही. भोई अडून बसले. गावानं वेशीतच मांडव घातला आणि सुताराच्या म्हाताऱ्या आज्याला शिकायला बसवलं. आज्याला 'भि' काही केल्या जमेना.

देवी थांबली.