खोताची छत्री आणि धाकू पाडेली

फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या आपल्या आगरात रहाटाच्या पाण्यावर पोफळी वाढायच्या, तेव्हाची ही गोष्ट. धाकू पाडेली सुपाऱ्या पाडायचा. एका पोफळीवर चढला की तिचा शेंडा हेलकावून दुसरी धरायचा, दुसरीवरून तिसरी, आणि आगर संपल्यावरच उतरायचा. त्याच्या पायांना माती लागत नसे, असं म्हणतात.

आगराच्या पश्चिमेला उंबर, सातवीण, भेंड अशी झाडांची रांग होती. खोताच्या डोळ्यांत ती खुपायला लागली. "ना फळ, ना पैसा. तोडा आणि तिथं पोफळी लावा," तो म्हणाला. वर लाकडं कुळांना वाटायचं आमिष दाखवलं. आणि आपलेच लोक, ज्यांचं पोट त्या आगरावर, ते कुऱ्हाडींना धार लावून आले! मला खोताचा राग येतो, पण यांचा जास्त येतो. दुपारचं ऊन अडवलं नाही तर पोफळीचं खोड करपतं, तडकतं आणि वादळात मोडतं, हे यांना काय ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. फुकटच्या सरपणापायी अक्कल गहाण टाकली, दुसरं काय!

धाकू झाडावर चढला तो चढलाच. ज्या झाडाला कुऱ्हाड लावावी, त्याच्या शेंड्यावर तो आधीच हजर. माणूस वर असताना घाव कोण घालणार? शेवटी चैत्राच्या भर दुपारी खोत स्वतः आला. मागं एक गडी छत्री धरून होता.

वरून धाकू ओरडला, "खोतांनू, तुमच्या डोक्यार छत्री व्हयी, मग पोफळीच्या डोक्यार नको?"

गड्यानं ते ऐकलं. त्यानं छत्री मिटली आणि बाजूला झाला. खोत थोडा वेळ तसाच उन्हात उभा राहिला. मग डोक्यावर हात धरून सावलीत गेला, त्याच उंबराच्या. कुळांनी कुऱ्हाडी खाली टाकल्या.

धाकू मात्र परत उतरला नाही. वारा नसताना उंबर हलला की तो वरून चाललाय, असं म्हणतात.

आजही आपल्याकडे ज्याला झाड तोडायचं असेल, त्यानं आधी धाकूचं नाव घेऊन चैत्रातल्या दुपारी उघड्या डोक्यानं उन्हात उभं राहायचं. दिवस कलेपर्यंत टिकला, तर कुऱ्हाड त्याची. गेल्या साली खोतांचाच एक वंशज उभा राहिला होता. तो कुठल्या झाडाखाली जाऊन बसला, ते विचारू नका. झाड अजून उभं आहे.