सल्लागारांची सरबराई

एका गावात एक दूध संघ होता आणि त्या संघात हैबती नावाचा एक भोळा स्टोअरकीपर होता. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं काम त्याने आयुष्यात कधी अर्धवट सोडलं नाही. तीच तर संघाची डोकेदुखी होती.

संघाच्या मॅनेजर होत्या वासंतीबाई इंगवले. तीन वर्षं त्यांनी एकच ध्यास घेतला होता, संघाचं काम कॉम्प्युटरवर आणायचं. पहाटे दूध घालायला आलेल्या बायका हाताने लिहिलेल्या पावतीसाठी नऊ-नऊ वाजेपर्यंत रांगेत उभ्या असत. बाईंना ते बघवत नसे. शेवटी पुण्याचे दोन सल्लागार यायला तयार झाले. त्यांचं पत्र आलं, सोमवारी येऊन तयारी पाहू. पसंत पडली तर सॉफ्टवेअरचं काम सुरू, नाहीतर आल्या पावली परत.

बाईंनी हैबतीला बोलावलं.

"पाहुण्यांना बसायला स्टोअरशेजारची खोली रिकामी कर."

"करतो की बाई."

संध्याकाळी बाई बघायला गेल्या. खोलीत टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती, पंखा नव्हता, बल्बही नव्हता. खिडकीची दारं काढून अंगणात ठेवलेली.

"अरे, ते बसणार कशावर?"

"तुमीच रिकामी म्हनला. एक उंदीर हुता, त्योबी काढला."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आता काहीही हलवायचं नाही. जे जिथं आहे तिथंच ठेवायचं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवायची. नाव काय, किती जुनं, चालू का बंद. सल्लागारांनी तशी यादीच मागितलीय."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर संघाचे अध्यक्ष दादासाहेब आपल्या खुर्चीत घोरत होते. हैबतीने त्यांना अजिबात हलवलं नाही. टोपीवर अलगद चिठ्ठी चिकटवली. 'अध्यक्ष. एकोणीस वर्षं जुने. सध्या बंद.' दादासाहेब उठले आणि तसेच बाजारपेठेतून फिरून आले. कोणी काही बोललं नाही. खरं होतं ना!

"माणसांना चिठ्ठी लावतात होय रे?" बाई कडाडल्या. "बाहेरून आलेल्याला रामराम घालायचा आणि आधी तांब्याभर गार पाणी द्यायचं. बाहेरून येईल त्याला पाणी. एवढं तरी ध्यानात ठेव!"

"बाहेरनं येईल त्याला पानी," हैबती घोकत गेला.

सकाळी बाहेरून आले ते दुधाचे चाळीस कॅन. हैबतीने एकेका कॅनचं झाकण उघडलं, रामराम घातला आणि आत तांब्याभर गार पाणी ओतलं. दुधात पाणी घालणारे आपण पाहिलेत, पण ते बिचारे रामराम घालत नाहीत.

आता मात्र बाईंचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला. "पाण्याचा एक थेंब द्यायचा नाही! फाटकातून आत आलं की पहिलं वजन करायचं. मग वास घ्यायचा. मग सरळ कोल्ड रूममध्ये ठेवून दार लावायचं. या उन्हात बाहेर राहिलं की नासतं. कळलं?"

"कळलं. वजन, वास, कोल्ड रूम."

बाईंना जरा बरं वाटलं. वाटायला नको होतं.

सोमवारी बाई आणि दादासाहेब हार घेऊन फाट्यावर जाऊन थांबले. पाहुण्यांची गाडी नेमकी कॅनॉलच्या रस्त्याने थेट संघाच्या फाटकात आली. तिथं होता एकटा हैबती. एक जाडजूड साहेब उतरले, मागोमाग चष्म्यातल्या एक मॅडम.

"जरा पाणी मिळेल का?" साहेब घाम पुसत म्हणाले.

"एक थेंब मिळायचा न्हाई," हैबती म्हणाला. "काट्यावर हुबं ऱ्हावा."

"कशाला?"

"बाईंचा नियम हाय."

"प्रक्रिया फार काटेकोर दिसतेय," मॅडमनी वहीत लिहून घेतलं. दोघेही काट्यावर उभे राहिले. मग हैबतीने जवळ जाऊन मॅडमचा वास घेतला. साहेबांचाही घेतला, तेव्हा मात्र नाक मुरडलं. पण दोघांना अदबीने आत नेलं.

"वा! गावात एवढा गार एसी!" आतून साहेबांचा आवाज आला. "तयारी चांगली आहे हो."

हैबतीने बाहेरून कडी घातली.

पाऊण तासाने बाई धापा टाकत परतल्या. "पाहुणे आले?"

"आलं की. साहेब ब्यान्नव किलो, मॅडम एक्कावन्न. आत ठिवल्यात. उद्यापर्यंत काय नासायचं न्हाईत."

बाई धावल्या. दार उघडलं तर दोघे एकाच रिकाम्या पोत्यात पाय खुपसून, दात वाजवत बसलेले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, हैबतीकडे पाहिलं आणि तडक गाडी गाठली. बाई हार घेऊन फाटकापर्यंत मागे पळाल्या. गाडी थांबली नाही.

बाई एका पालथ्या कॅनवर मटकन बसल्या. डोळे भरून आले. "तीन वर्षं रे हैबती. तीन वर्षं!"

हैबतीलाही फार वाईट वाटलं. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "रडू नगासा बाई. माल परत गेला त्येच बेस झालं. साहेबाला आंबूस वास येत हुता. ठिवून घेतला असता तर आपलं समदं दूध नासलं असतं."