माफी पहिल्या पानावर

त्या दिवशी विधानसभेत माहितीमंत्री दिग्विजयरावांना सत्याचा भलताच कळवळा आला होता. वर्तमानपत्रांना वेसण घालणारं विधेयक त्यांनी आणलं होतं. कारण एवढंच, की धरणात गाव गेलेल्यांच्या करंजटेंभा वसाहतीत नळ कोरडे आहेत, असं एका दैनिकानं छापलं होतं.

"खोटी बातमी आली की त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, पसरवणाऱ्याच्या फोटोसह माफी! मग तो कितीही मोठा असो!" मंत्री गरजले. सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली. कशासाठी, ते नंतर विचारणार होते.

आमदार सुलभाताई कोंढाळकर त्याच बुडालेल्या गावच्या. वसाहतीत राहणारी त्यांची जाऊ आजही हंडा घेऊन ओढ्यावर जात होती. ताई उठल्या, तसे सगळे भांडणाच्या तयारीनं सरसावून बसले.

"अध्यक्ष महाराज, या कलमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. उद्यापासूनच अंमल करा. 'करंजटेंभ्यात घरोघरी पाणी' ही बातमी पहिल्या पानावर आली होती. नारळ फोडून नळ सोडताना मंत्रिमहोदयांचा हसरा फोटो होता. त्या नळाला मागून टँकर जोडला होता. समारंभ संपला, टँकर गेला, पाणीही गेलं. तेव्हा माफी तिथंच येऊ दे. फोटो तर छापखान्यात तयारच आहे."

सभागृह खो खो हसलं. मंत्र्यांनी घाईघाईनं विधेयक समितीकडे पाठवायची विनंती केली आणि समोरचा पाण्याचा ग्लास उचलला.

"प्या साहेब, सावकाश प्या," ताई म्हणाल्या. "इथला टँकर अजून गेलेला नाही."