घारीनं काकण गिळलं

या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या. डोळे मिटले तरी चालतील, कान तेवढे उघडे ठेवा.

तर एकदा काय झालं, समुद्राकाठी मासेमारांचं एक गाव होतं. त्या गावात येसू नावाची एक सून होती. नवरा धर्मा, सासू बायजा आणि ती, एवढंच घर. येसूच्या दोन्ही हातांत चांदीचं एकेक काकण. लग्नात धर्मानं घातलेलं.

गावाबाहेर उंच सुरूच्या झाडावर एक घार राहायची. चांगली थोराड घार, बरं का. उंदीर-घुशींकडे ती बघायचीसुद्धा नाही. पाण्यावर झेप घ्यायची आणि मासा घेऊन वर जायची. पण होती मुकी. देवानं पाखरांना आवाज वाटले, त्या दिवशी ही मासे धरत बसली होती म्हणे. आवाज नाही म्हणून नावही नाही. काव काव करतो तो कावळा, चिवचिव करते ती चिमणी. हिला काय म्हणायचं? लोक तिला चोरटी म्हणायचे आणि दिसली की दगड मारायचे.

एक दिवस बायजानं आपलं नवं जाळं वाळूत पसरलं होतं. त्यात एक मासा अडकून राहिला होता. घारीनं त्यावर झेप घातली, आणि तिच्याच नख्या जाळ्यात गुरफटल्या. लोक काठ्या घेऊन धावले. येसू पुढे झाली. तिनं कोयत्यानं जाळं कापलं आणि घारीला सोडून दिलं. सासूनं स्वतःच्या हातानं विणलेलं जाळं ते. बायजा दिवसभर सुनेला बोलत राहिली, आणि मग बोलेनाशीच झाली. ते जास्त वाईट.

मग पुढे काय झालं, धर्मा आणि गावातले सगळे धडधाकट पुरुष होड्या घेऊन दूर पाण्यात गेले. आणि मागाहून धुकं आलं. असं धुकं, की आपलाच हात आपल्याला दिसेना. दुसरा दिवस उजाडला तरी हटेना. होड्या परतायच्या त्या खाडीच्या तोंडातून, आणि तिथं दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक. वाट चुकली की होडीचा चुरा.

मग बायकांनी काय केलं? आधी काठावर मोठा जाळ केला. तो धुक्यात दिसेना. मग ढोल बडवले. त्यांचा घुमारा सगळ्या किनाऱ्यावर पसरला, कुठून येतोय तेच कळेना. मग म्हाताऱ्या गुरवानं शंख फुंकला. तोही लाटांच्या आवाजात बुडाला.

येसू गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. काय करावं सुचेना, म्हणून ती एका हातातलं काकण दुसऱ्या हातातल्या काकणावर आपटत राहिली. कण् कण् कण्. आवाज बारीक, पण सुईसारखा धुक्यात शिरत होता. फक्त लांब पोचत नव्हता.

तेवढ्यात घार आली. जवळच्या खडकावर बसली, मान वाकडी करून काकणाकडे बघत. तिनं चोच उघडली. आवाज नाही. पुन्हा उघडली. नाहीच.

येसूनं ते बघितलं आणि डाव्या हातातलं काकण उतरवलं. घारीच्या पायात बांधलं तर ती होड्यांपर्यंत वाजवत जाईल, असं तिच्या मनात.

मागून बायजा ओरडली. कितीतरी वेळानं ती सुनेशी बोलत होती. “नवरा पाण्यात असताना काकण काढतेस? शुद्धीवर आहेस का?”

कारण त्या गावात असं होतं, बरं का, की नवरा समुद्रावर असताना बाईनं काकण काढायचं नाही. काढलं तर तो परत येत नाही. येसूलाही ते ठाऊक होतं.

ती म्हणाली, “आये, हात रिकामा राहिला तर चालेल मला. घर रिकामं नको.”

आणि तिनं काकण पुढे धरलं. घारीनं ते पायात घालूनच घेतलं नाही. चोचीत धरलं आणि मासा गिळावा तसं गटकन गिळलं. बायजा मटकन खाली बसली.

मग घारीनं चोच उघडली. कण् कण् कण् कण्! केवढा मोठा आवाज! ती उडाली ती सरळ धुक्यात शिरली.

तिकडे होड्यांवर सगळे हातपाय गाळून बसले होते. तो आवाज ऐकला आणि धर्मा उठून उभा राहिला. रोज पहाटे येसू भाकरी थापायची, तेव्हा हाच आवाज त्याला जागं करायचा. तो इतरांना म्हणाला, “हे आमच्या येसूचं काकण आहे. माझ्या मागून या.” घार पुढे ओरडत चालली, मागे होड्या. दोन खडकांच्या मधून सगळ्या सुखरूप खाडीत शिरल्या.

धर्मानं येसूचा रिकामा हात बघितला. तिनं काय झालं ते सांगितलं. तो नुसता तिचा हात धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी घारीनं पुन्हा कुणाच्या तरी टोपलीतला मासा पळवला. सवय कुठं जाते? शेजारणीनं दगड उचलला. बायजानं तरातरा जाऊन तिचा हात धरला.

म्हणाली, “टाक तो खाली. ती काकणघार आहे. आमच्या घरातली आहे.”

तेव्हापासून तिचं नाव पडलं काकणघार. आणि तिचं पोट पांढरंशुभ्र का, ते तुम्हीच सांगा. आत चांदी आहे ना!

मग येसू, धर्मा आणि बायजा पोटभर खाऊन-पिऊन नांदले. घारीलाही पिल्लं झाली, तीही आईसारखीच ओरडू लागली. झाली गोष्ट. आता कूस बदला आणि गप निजा.