नदीतली विहीर आणि वजनदार माणसं

राजाला पूल हवा, तोही आपल्या हट्टानं. "मधला खांब तळाच्या खडकावर उभा पाहिजे. पण नदी वळवायची नाही, अन् कुणी बुडी मारायची नाही. वडारांना पावसाआधी जमलं तर ठीक, नाहीतर त्यांनी काठावरची पालं उचलायची."

ही अट राजाच्या कानात सोडली दिवाणजींनी. घाटावरच्या नावा त्यांच्याच ना! पूल झाल्यावर नावेत बसणार कोण, मासे?

तिम्मा वडाराची लेक येल्ली म्हणाली, "करू की. नदीत विहीर बांधू."

दरबार खो खो हसला. "नदीत विहीर? मग समुद्रात रांजणही पुरशील."

येल्लीनं नदीतल्या वाळूच्या बेटावर लाकडाचं मोठं, मधून मोकळं चाक ठेवलं, चाकावर दगडाची गोल भिंत रचली. मग आतली वाळू काढत गेली. वाळू निघेल तशी भिंत आपल्याच भारानं खाली सरके, की वर आणखी दगड रचायचे. आत पाणी लागलं, तर दोराला खोरं बांधून वरूनच वाळू ओढली. बुडी कशाला? खडकाला टेकली, की विहीर दगडांनी भरायची, झाला खांब.

खडक हातभर राहिला अन् विहीर चिकणमातीत अडकली. जवळचे दगड संपले, म्हणून वर लादायला आणखी मागायला तिम्मा दिवाणजींकडं गेला. दिवाणजी तळवा खाजवत म्हणाले, "तिम्मा, वजन ठेवल्याशिवाय काम हलत नसतं रे."

तिम्मा तोंड पाडून आला. येल्ली मात्र हसली. "आबा, खरं तेच बोलले की ते."

सकाळी राजा आला. "काय अडलं, पोरी?"

"म्हाराज, दरबारातली वजनदार माणसं घटकाभर द्या. त्यांच्याबिगर हलंना झालंय."

दिवाणजींनी मिशीला पीळ दिला अन् सगळ्यांच्या पुढं निघाले. मागून खजिनदार, कोठीवाले, सरदार. एकेकाचं पोट असं, की माणसाआधी तेच पोचावं. येल्लीनं सगळ्यांना विहिरीच्या भिंतीवर गोल बसवलं.

"आता काय करायचं?" दिवाणजींनी विचारलं.

"काही नाही. दरबारात रोज करता तेच. बसायचं."

विहीर कुरकुरली, हलली, अन् धप्पकन खडकावर टेकली. पाणी उसळलं. दिवाणजींचे जोडे वाहून गेले.

"महाराज, ही आमची थट्टा आहे!" दिवाणजी ओरडले.

"थट्टा कसली, दिवाणजी? वजन ठेवल्याशिवाय काम हलत नाही, हे तुम्हीच आबाला सांगितलं. आमच्याकडं दुसरं वजन नव्हतं, मग तुम्हालाच ठेवलं."

राजानं आधी दिवाणजींकडं पाहिलं, मग असा हसला की पागोटं सुटलं. "पालं जागची हलायची नाहीत. हा काठ वडारांचा. अन् पुलावरून पहिली गाडी येल्लीची."

दिवाणजी उठायला लागले.

"तुम्ही बसा हो," राजा म्हणाला. "विहीर दगडांनी भरेपर्यंत वजन काढू नये म्हणतात."