न्हाव्याच्या ब्रशाची तक्रार

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा माणसं आपली दाढी आपण करत नसत. गावात एक न्हावी असायचा आणि सगळ्या गावाचे गाल त्याच्या ताब्यात असायचे.

असंच एक गाव होतं, डोंगरावरचं, थंडीचं. तिथला न्हावी हाताचा हलका होता. त्याचा वस्तरा फिरला की माणसाला डुलकी लागायची. पण त्याची खरी शान होती ती गरम फेसाची. शेगडीवर किटली उकळत ठेवायची आणि दाढीचा ब्रश सकाळपासून त्या किटलीत उभा करून ठेवायचा. गिऱ्हाईक बसलं की वाफाळता ब्रश बाहेर काढायचा, दोनदा झटकायचा, साबणावर घोळवायचा आणि गालावर फिरवायचा. काकडलेला माणूस "आहाहा" म्हणायचा. शेजारच्या गावचा न्हावी गार पाण्याने दाढी करायचा, म्हणून तिकडची माणसंसुद्धा डोंगर चढून इकडे यायची.

या न्हाव्याचा जुना, दोऱ्याने बांधलेला ब्रश झिजून झिजून दातवणासारखा झाला. त्याने तो फेकला आणि तालुक्याच्या पेठेतून नवा आणला. लाकडी मूठ, तिला पितळेचं कडं, दाट केस. दुकानदार म्हणाला, "नातवंडांपर्यंत टिकेल." दुकानदार असंच म्हणतात.

पंधरा दिवसांत ब्रशाचे केस गळायला लागले. आधी एक, मग तीन, मग झुपकेच. एक जण दाढी करून घरी गेला, तर त्याची बायको म्हणाली, "अहो, जाताना केस कमी होते की!"

एवढ्यावर भागलं असतं. पण एके दिवशी पाटील दाढीला बसला आणि त्याच्या हनुवटीला केस चिकटला. पाटलाने तो चिमटीत धरून न्हाव्याच्या डोळ्यांपुढे नाचवला.

"हे काय रे?"

"केस, पाटील."

"ते मलाही दिसतंय. कोणाचा?"

"ब्रशाचा."

"मी दाढी काढायला बसलोय का लावून घ्यायला?"

बसलेली माणसं हसली. न्हावीपण हसला. पाटील मात्र हसला नाही.

"ऐक," पाटील म्हणाला, "दहा दिवसांनी माझ्या पोराचं लग्न आहे. मांडवात, पाव्हण्यांच्या देखत, नवरदेवाची दाढी गावच्या न्हाव्याने करायची ही रीत आहे. त्या वेळी त्याच्या तोंडाला एक केस जरी चिकटला, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा न्हावी इथे आणीन. आणि आणला म्हणजे तो इथेच राहील. तू तुझी धोपटी उचलायची आणि चालू लागायचं."

न्हाव्याचं हसू जागच्या जागी वाळलं. त्याच्या आज्याने, बापाने याच गावाच्या दाढ्या केल्या होत्या. वस्तरे, कात्र्या सगळं एका धोपटीत मावत होतं, पण गाव काही धोपटीत मावत नाही.

दुसऱ्या दिवशी तो डोंगर उतरून पेठेत गेला. दुकानावर मोठी पाटी होती. 'माल नीट निघाला नाही तर मोकळ्या मनाने सांगा.' पाटी लावायला काय लागतं? एक खिळा.

न्हावी मोकळ्या मनाने सांगायला लागला. दारातला माणूस म्हणाला, "आत विचारा." आतला म्हणाला, "पलीकडे विचारा." पलीकडचा म्हणाला, "जेवायला गेलेत, बसा." न्हावी बसला. जेवायला गेलेला माणूस सावकाश आला. तो दुकानाचा कारकून होता. त्याच्या जिभेवर साखर आणि हातात चोपडी.

"बोला काका, बोला. तुमची अडचण ती आमची अडचण."

"का? तुमच्याही तोंडाला केस चिकटतात?"

कारकून नुसता गोड हसला. त्याने ब्रश उलटसुलट पाहिला. "नवलच आहे. आजवर या ब्रशाची एकही तक्रार आलेली नाही." असं म्हणता म्हणता त्याने पायाने एक टोपली फळीखाली ढकलली. टोपलीत टक्कल पडलेले ब्रश काठोकाठ भरले होते. न्हाव्याला ते दिसलं.

कारकुनाने चोपडी उघडली. "आता तीन प्रश्न. ब्रश उंचावरून पडला होता?"

"नाही."

"उंदराने कुरतडला होता?"

"नाही."

"उकळत्या पाण्यात घातला होता? घातला असेल तर बदलून मिळत नाही. नियम आहे."

इथे न्हावी थांबला. त्याला किटली आठवली. पाटलाचा पोरगा आठवला. मग त्याची नजर फळीखालच्या टोपलीकडे गेली. हा बेटा माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलतो, मग मीच एकट्याने खरं का बोलायचं? असा हिशेब माणसाला पटकन जमतो.

"उकळतं पाणी?" न्हावी म्हणाला. "आमच्या गावात पाणी उकळायची पद्धतच नाही."

"मग चहा?"

"कोमटच पितो आम्ही."

कारकुनाने ते चोपडीत लिहून घेतलं आणि नवा ब्रश कागदात गुंडाळून दिला. न्हावी शीळ घालत डोंगर चढला. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "असा गप्प केला त्याला! नवा कोरा ब्रश घेऊन आलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कोरा ब्रश किटलीत उभा राहिला. लोक पुन्हा "आहाहा" म्हणायला लागले.

पाचव्या दिवशी नवा ब्रशही गळला. यावेळी झुपका सापडला तो देवळातल्या पुजाऱ्याच्या मिशीत. आरतीला आलेली माणसं देवाकडे बघायचं सोडून पुजाऱ्याकडेच बघत राहिली.

लग्न तीन दिवसांवर आलं होतं. न्हाव्याने ब्रश उंबऱ्यावर आपटला. "लबाड लोक! पुन्हा तसलाच दिला!"

बायको तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, त्यांना किटलीचं सांगितलं होतंत का?"

"सांगितलं असतं तर बदलून दिला असता का?"

"म्हणजे नाही सांगितलं."

"तेच पहिल्यांदा खोटं बोलले! टोपलीभर टकले ब्रश पायाने लपवले, मी या डोळ्यांनी बघितलं."

"असतील लबाड. पण पाटील त्यांना गावाबाहेर काढणार नाहीये, तुम्हाला काढणार आहे." तिने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "पोट दुखत होतं आणि वैद्याला कान दाखवून आलात. त्याने कानात तेल घातलं. आता पोट दुखतंय म्हणून वैद्यालाच शिव्या घालताय."

न्हावी चिडला. जेवला नाही. मग थोडं जेवला. जेवताना त्याला कळलं की बायकोचं बोलणं घशाखाली उतरायला भाकरीपेक्षा जास्त वेळ लागतो, पण उतरतं.

सकाळी तो परत पेठेत गेला. या वेळी दारात, आत, पलीकडे कोणालाच विचारलं नाही. सरळ कारकुनापुढे जाऊन उभा राहिला. न्हाव्यांचा आवाज मोठाच असतो, वस्तरा चालवता चालवता सगळ्या चावडीशी बोलायची सवय असते.

"त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "आमच्या गावात पाणी उकळतं. माझ्या शेगडीवर तर दिवसभर उकळतं. त्या उकळत्या किटलीत मी ब्रश उभा ठेवतो. पहिलाही ठेवला, दुसराही ठेवला. मला फुकटचा ब्रश नको. परवा मांडवात नवरदेवाची दाढी करायची आहे आणि केस गळला तर माझं गाव जाणार आहे. काय करायचं तेवढं सांगा."

कारकुनाला फार आनंद झाला. त्याने चोपडी उघडली आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'चूक गिऱ्हाइकाची.' मग चोपडी मिटली.

"या आता."

"या काय? उपाय सांगा की."

"इथे तक्रार घेतात, काका. उपाय देत नाहीत."

न्हाव्याला वाटलं, बघ, खरं बोललास आणि हात हलवत निघालास. त्याने ब्रश उचलला आणि वळला.

तेवढ्यात दुकानाच्या मागचा पडदा हलला. एक म्हातारा कारागीर बाहेर आला. बोटांना लाख चिकटलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दुकानातला एकूण एक ब्रश हाच बांधायचा.

"उकळत्या किटलीत कोण म्हणालं?"

"मी म्हणालो."

"आण इकडे." म्हाताऱ्याने ब्रशाचे केस दोन बोटांत धरून ओढले. सगळा झुपका हातात आला. "अरे बाबा, मुठीच्या आत हे केस लाखेने धरलेले असतात. लाखेला चटका लागला की ती मऊ होते. कुठल्याही बांगडीवाल्याला विचार."

"मग हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?"

"मला तरी कोणी सांगितलं? मी या माणसाला रोज विचारतो, बाबा रे, एखादा ब्रश परत येतो का? हा म्हणतो, एकही नाही."

न्हाव्याने फळीखाली बोट दाखवलं.

कारकून टोपली झाकायला तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. पण टोपली मोठी होती आणि तो बारीक होता. म्हाताऱ्याने टोपली बाहेर ओढली. एक ब्रश उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे त्याच्याच हातचे. तो तिथेच जमिनीवर बसला.

आवाज ऐकून दुकानाचा मालक आला. "काय चाललंय?"

"शेठ," म्हातारा म्हणाला, "वीस वर्षं मी रोज एकच चूक करतोय आणि तुमचा माणूस रोज मला शाबासकी देतोय. थंडीच्या गावांत लोक ब्रश उकळत्या पाण्यात घालतात, हे मला आज कळलं. या न्हाव्याने सांगितलं म्हणून कळलं."

कारकून पुटपुटला, "दुकानाचं नाव राहावं म्हणून मी..."

"नाव?" शेठ टोपलीकडे बघत म्हणाला. "या टकल्यांवर राहणार होतं?"

म्हाताऱ्याला ते भांडण ऐकायला वेळ नव्हता. त्याने न्हाव्याला आत नेलं आणि शेजारी बसवलं. केसांची नवी जुडी घेतली. जुडीच्या बुडाला मेण लावलेल्या दोऱ्याचे आवळून वेढे दिले आणि गाठ मारली. मग दोऱ्याची टोकं मुठीला पाडलेल्या भोकातून ओवून पक्की केली. सगळ्यात शेवटी वरून लाख ओतली.

"आता लाख नरमली तरी दोरा सोडणार नाही," तो म्हणाला. "पण तूही ऐक. दोरा म्हणजे काही देव नाही. ज्या पाण्यात तुझं बोट राहतं, त्याच पाण्यात ब्रश बुडवायचा. काम झालं की झटकून टांगून ठेवायचा."

न्हाव्याचं तोंड पडलं. "मग माझा गरम फेस कसा राहणार? सगळं गाव त्याच्यासाठीच तर येतं."

"ब्रश कशाला उकळतोस? किटलीच्या तोंडावर फेसाची वाटी ठेव. वाटी गरम, फेस गरम."

न्हाव्याने कपाळावर हात मारला. "इतकं सोपं?"

"सोपंच असतं. सांगायला कोणीतरी यावं लागतं, एवढंच."

न्हावी निघाला तेव्हा कारागिराची गादी पडद्यामागून उचलून दुकानाच्या दर्शनी भागात मांडायचं काम चाललं होतं. कारकूनच ती उचलत होता. यापुढे परत आलेला प्रत्येक ब्रश आधी म्हाताऱ्याच्या हातात द्यायचा, असं शेठने ठरवून टाकलं होतं. पाटी तीच राहिली. बदलायची गरजच नव्हती, आता ती खरी झाली होती.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला होता. मधोमध पाटावर नवरदेव बसला. न्हाव्याने किटलीवरची वाटी खाली घेतली, बोट बुडवून पाहिलं आणि ब्रश फिरवला. पांढराशुभ्र, वाफाळता फेस. नवरदेवाने डोळे मिटले. पाटील गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, पोराच्या गालापाशी नाक नेऊन बघत होता. पाव्हण्यांना वाटलं, बापाला लेकाची माया आली.

वस्तरा फिरला. तोंड पुसलं. पाटलाने उजव्या गालावरून बोट फिरवलं, डाव्या गालावरून फिरवलं, हनुवटीखाली फिरवलं. मग ते बोट उन्हात धरून पाहिलं. बोटाला काहीही नव्हतं.

"काय पाटील?" न्हाव्याने विचारलं.

पाटील सरळ उभा राहिला. त्याने नवरदेवाच्या खांद्यावर थाप मारली. नवरदेव दचकून जागा झाला, त्याला केव्हाच डुलकी लागली होती.

"उठ, उठ," पाटील म्हणाला, "तुझं झालं." मग डोक्यावरचा फेटा काढून त्याच्या हातात दिला आणि स्वतः पाटावर बसला. "आता माझी कर. आणि फेस जरा जास्त लाव, गार पडलोय."

तात्पर्य: खोटं बोलून बदली वस्तू मिळते, उपाय मिळत नाही. आपली चूक आपल्या तोंडाने सांगावी आणि दुसऱ्याची चूक ज्याच्या हातून झाली त्याच्या कानावर घालावी. मधल्यांशी बोलण्यात जन्म जातो.